रस्त्यात गाडी अडली तर: तात्पुरता इलाज आणि पायातले बूट

जुनी गाडी बाळगायची म्हणजे आज ना उद्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभं राहायची वेळ येतेच. पाण्याचा पाईप फाटतो, सायलेन्सर लोंबायला लागतो, बॅटरी ऐन वेळी मान टाकते. तारेचा तुकडा, टेपचं एक भेंडोळं आणि शांत डोकं एवढ्या भांडवलावर अशी गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. ही विद्या प्रत्येक गाडीवाल्याने शिकून ठेवावी. ज्यांनी आजवर पानाही हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

यातला बराच भाग बुटांवर आहे आणि तो मुद्दाम ठेवला आहे. गाडीवर जुगाड जरूर करा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण तो करताना पायात जे आहे ते पक्कंच हवं, हे माझं ठाम मत आहे. टेप सुटली तर पाणी सांडतं, गाडी थांबते, आपण पुन्हा टेप लावतो. चाकाखाली चेचलेल्या बोटांवर मात्र तात्पुरता इलाज नाही.

हात घालायचा की नाही, हे आधी ठरवा

गाडी बिघडली की लगेच बॉनेटकडे धावू नका. जमेल तितकी रस्त्याबाहेर, सपाट आणि कडक जमिनीवर घ्या. चारही इंडिकेटर चालू करा, हँडब्रेक ओढा, इशाऱ्याचा त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवा. गाडीतल्या माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी करणार आहे तो इलाज पुढे चालत्या गाडीत अचानक सुटला, तर काय होईल? फार तर आवाज होईल, पाणी गळेल, गाडी बंद पडेल, असं उत्तर आलं तर कामाला लागा. ब्रेक लागणार नाही, स्टिअरिंग वळणार नाही किंवा गाडी पेट घेईल, असं उत्तर आलं तर टोइंगवाल्याला फोन लावा. यात घासाघीस नाही. ब्रेकच्या नळीला टेप किंवा पुट्टी लावून चालेल असं सांगणारे भेटतात. पण ब्रेक जोरात दाबल्यावर त्या नळीत साधारण ७० ते १०० बार दाब तयार होतो. टायरमधली हवा असते दोन-अडीच बार. एवढ्या दाबापुढे कुठलीच टेप टिकत नाही. टाय रॉड, बॉल जॉइंट, सस्पेन्शनचे हात (म्हणजे चाक धरून ठेवणारे आणि वळवणारे भाग), पेट्रोलची गळती, हे सगळं त्याच यादीत. पेट्रोलचा वास आला की इंजिन बंद करून सगळ्यांनी लांब व्हायचं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारंगी रंगाच्या जाड केबल दिसतात, त्यांना बोटही लावू नका.

डिकीत काय ठेवायचं

सामान थोडंच लागतं, पण ते नेमकं हवं. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, बाइंडिंग वायर, वेगवेगळ्या मापाच्या दोन-तीन होज क्लिप (होज म्हणजे पाण्याचा रबरी पाईप), प्लॅस्टिकचे झिप टाय, मळून लावायची इपॉक्सी पुट्टी, फ्यूजचा संच. हत्यारांत पक्कड, दोन्ही तोंडांचे स्क्रू ड्रायव्हर, धारदार कटर आणि पाने. १० मिमीचा पाना सगळ्यात जास्त लागतो आणि नेमका तोच हरवतो, म्हणून दोन ठेवा. याशिवाय जंपर केबल, डोक्याला बांधायचा दिवा, जाड हातमोजे, पाच लिटर पाणी आणि जॅकखाली घालायला लाकडी फळीचा तुकडा. शेवटी एका पिशवीत बूट. त्यांच्याकडे पुढे येतोच.

रेडिएटरचा होज फाटला

रस्त्यात सगळ्यात जास्त वेळा करावी लागणारी दुरुस्ती ही. नीट केली तर टिकतेही बऱ्यापैकी, म्हणून ती सविस्तर सांगतो.

तापमानाचा काटा वर चढायला लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनमधली थोडी उष्णता ओढून घेतो. तेवढ्या वेळात सुरक्षित जागा गाठा आणि इंजिन बंद करा.

आता थांबायचं. निदान अर्धा तास, उन्हात त्याहून जास्त. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, यंत्रणेत साधारण एक बार जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली कूलंट-पाण्याचं मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो, आत न उकळलेलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन कारंज्यासारखं तोंडावर येतं. भाजल्याच्या घटना यातूनच होतात. वरचा जाड होज कापडातून दाबून बघा. तो मऊ पडला असेल आणि हाताला सोसवत असेल, तर झाकणावर जाड फडकं टाकून ते हळूहळू सैल करा. फुस्स असा आवाज आला तर तिथेच थांबा, आवाज पूर्ण बंद झाल्यावरच पुढे फिरवा.

गळती शोधणं सोपं असतं, कारण कूलंट रंगीत असतो आणि वाळला की त्याचा पांढरट किंवा गुलाबीसर डाग मागे राहतो. होज बहुतेक वेळा टोकाशी, क्लिप जिथे चावते तिथेच चिरतो. तसं असेल तर टेपची गरजच नाही. क्लिप सैल करा, होज पिळत पिळत बाहेर काढा, चिरलेलं टोक कटरने सरळ कापून टाका, आणि लांबी पुरत असेल तर उरलेला होज पुन्हा चढवून क्लिप आवळा. ही दुरुस्ती जवळजवळ कायमची असते.

चीर मधोमध असेल तर मात्र सिलिकॉन टेप. होज पुसून अगदी कोरडा करा, त्यावर तेलाचा ओशटपणा राहता कामा नये. चिरेच्या चार-पाच सेंटिमीटर अलीकडून सुरुवात करा. टेप तिच्या मूळ लांबीच्या दुप्पट होईल इतकी ताणायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा. ही टेप होजला चिकटत नाही, ती स्वतःलाच चिकटून एकजीव होते. त्यामुळे ताण कमी पडला की सगळं वाया जातं. चिरेच्या पलीकडे तेवढंच अंतर जाऊन परत या, तीन-चार थर होऊ द्या, दहा मिनिटं तसंच राहू द्या. वर दोन्ही बाजूंना एकेक क्लिप आवळली तर उत्तमच. साधी कापडी टेप इथे वापरू नका, उष्णता आणि ओल मिळाली की तिचा गोंद सुटतो.

इंजिन पुरतं निवल्यावरच पाणी भरा, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. मग इंजिन चालू करून हीटर गरमवर ठेवा, आत अडकलेली हवा निघते तशी पाण्याची पातळी खाली जाते, पुन्हा भरा. वाटेत वेग कमी, डोळा काट्यावर. काटा चढला की थांबायचं. गॅरेजमध्ये होज बदलताना नुसतं पाणी काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्या. साध्या पाण्याने आतून गंज चढतो आणि थंडीत ते गोठतं.

सायलेन्सर, बंपर आणि खालचे पत्रे

सायलेन्सर रबरी हँगरवर टांगलेला असतो आणि रबर तुटलं की तो रस्त्याला घासतो. तो थंड झाल्यावर बाइंडिंग वायरचे दोन-तीन पदर करून मूळच्या हुकाला बांधा. झिप टाय किंवा नायलॉनची दोरी इथे काही किलोमीटरही टिकणार नाही. तार ब्रेकच्या किंवा पेट्रोलच्या नळीला घासत नाही ना, हे वाकून बघा. एक्झॉस्टला भोक पडलं असेल तर काचा उघड्या ठेवून चालवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागलं तर तत्काळ गाडी थांबवून बाहेर पडा.

बंपर फाटला असेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून झिप टायने शिवून टाका. इंजिनखालचा प्लॅस्टिकचा पत्रा लोंबत असेल तर तोही तसाच बांधा, नाहीतर सरळ काढून डिकीत टाका.

फ्यूज आणि बॅटरी

फ्यूज उडाला तर त्याच अँपियरचा फ्यूज लावायचा. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपियर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जवळ नसेल तर रेडिओ किंवा चार्जिंगच्या सॉकेटचा तेवढ्याच अँपियरचा फ्यूज काढून वापरा. चांदीचा कागद किंवा तार घालून काम भागवणं म्हणजे वायरिंगला आग लावायची तयारी. नवा फ्यूज लावताक्षणी उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग ते सर्किट तसंच बंद राहू द्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर आधी तीच साफ करा. कितीतरी 'मेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यानेच उठतात. टर्मिनल काढताना आधी ऋण, मग धन. बसवताना आधी धन, मग ऋण. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. चालू इंजिनावरही तो १२ च्या घरातच राहत असेल तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, बाजूला शोधा.

दुसऱ्या गाडीवरून चालू करताना लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग त्यांच्या धनला. काळी आधी त्यांच्या ऋणला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ही काळजी. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला केबल लावायचीच नाही.

चाक बदलणं

नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. नट जाम असेल तर पाना पूर्ण बसवून त्याचा दांडा आडवा येऊ द्या आणि गाडीला एका हाताने धरून त्यावर हळूहळू पायाचं वजन टाका. उडी मारू नका. उलट्या बाजूच्या चाकाला दगड लावा, जॅक पाट्याखालच्या, म्हणजे दारांखालच्या कडेच्या, ठरलेल्या मजबूत जागी लावा, खाली फळी घाला. गाडी उचलली की आधी स्टेपनी आणि नंतर काढलेलं चाक पाट्याखाली आडवं सारून ठेवा, जॅक सटकलाच तर गाडी त्यावर बसेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालायचा नाही, हातसुद्धा नाही.

नवं चाक बसवताना नट आधी हाताने फिरवा, मग एकाआड एक समोरासमोरचे आवळत जा आणि गाडी खाली आल्यावर शेवटचा जोर लावा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. स्टेपनी अरुंद, लहान असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ट्यूबलेस टायरला रस्त्यात दोरीचा प्लग लावता येतो, पण खिळा तळात असेल तरच. बाजूच्या भिंतीला प्लग लावू नये.

तात्पुरतं ते तात्पुरतंच राहावं म्हणून

जुगाडाचा खरा धोका असा की तो चालतो. गाडी धावायला लागली की आपण विसरतो, आणि टेपवरचा होज पुढचे कित्येक महिने तसाच राहतो. यावर उपाय साधा आहे. मास्किंग टेपचा तुकडा स्पीडोमीटरजवळ चिकटवा आणि त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि काय केलं ते लिहा. पक्की दुरुस्ती होईपर्यंत तो तिथून हलवायचा नाही. गॅरेजमध्ये गाडी दिली की मेकॅनिकलाही हा तुकडा दाखवा, त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो.

बूट: यात तडजोड नको

आता वरची सगळी कामं चप्पल घालून केल्याचं डोळ्यांसमोर आणा. गरम पाणी पायावर सांडणार, जमिनीवर खिळे आणि काचा असणार, पान्यावर वजन टाकताना मऊ सोल वाकून पाय घसरणार. आणि १५ ते २० किलोचं चाक हातातून निसटलं तर ते थेट बोटांवर येणार.

सेफ्टी बुटांसाठी आयएसओ २०३४५ हे मानक आहे. त्यानुसार बोटांवरची टोपी, म्हणजे टो-कॅप, २०० जूलचा आघात सोसणारी हवी. सोप्या भाषेत, २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. चाकाच्या अपघाताचं हे जवळजवळ तंतोतंत वर्णन आहे. याशिवाय १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा दाब सोसायची कसोटीही असते. टोपी फक्त बोटं झाकते, वरचा पाय नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर बेफिकीर होऊ नका.

बुटाच्या जिभेवर किंवा आतल्या पट्टीवर वर्ग छापलेला असतो. एसबी म्हणजे टो-कॅपची मूळ अट तेवढी पूर्ण. एस१ मध्ये बंद टाच आणि टाचेला धक्का शोषणारा भाग येतो. एस२ मध्ये चामड्यातून पाणी शिरायला अटकाव. एस३ मध्ये यावर खिळा आरपार न जाऊ देणारा थर आणि खाचांचा सोल. रस्त्याकडेच्या कामाला मी एस३ च सुचवेन. त्याच्या शेजारी एफओ अशी खूण आहे का बघा, तिचा अर्थ सोल इंधन-तेलाला टिकतो. २०२२ च्या आवृत्तीपासून ही खूण वेगळी पाहावी लागते. एचआरओ असेल तर सोल ३०० अंशांचा स्पर्श एक मिनिट सोसतो, तापलेल्या सायलेन्सरशेजारी काम करणाऱ्याला याचा उपयोग आहे.

सोल कशाचा आहे यावर बुटाचं आयुष्य ठरतं. नायट्राइल रबर जड असतं, पण तेल आणि उष्णता दोन्ही पचवतं. पॉलियुरेथेन हलकं आणि आरामशीर, तेलालाही चांगलं टिकतं. मात्र हवेतल्या ओलाव्याने ते आतून हळूहळू विघटित होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं खोक्यात जपून ठेवलेले बूट एक दिवस घालून निघावं आणि सोलचा भुगा पडावा, असं घडतं. म्हणून खरेदी करताना बुटावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा, जुना साठा घेऊ नका.

सोल वरच्या चामड्याला कसा जोडला आहे, हेही विचारा. नुसता चिकटवलेला, साच्यात ओतून जोडलेला, की चामड्याच्या पट्टीवर शिवलेला. शिवलेला, म्हणजे वेल्ट पद्धतीचा बूट महाग पडतो, पण सोल झिजला की तो उसवून नवा बसवता येतो आणि वरचं चामडं अनेक वर्षं चालतं. काही बुटांवर टाके नुसते शोभेचे असतात, तेव्हा 'सोल बदलून मिळेल का?' असं सरळ विचारून घ्या. उत्तर गोलमोल आलं तर तो बूट ठेवून द्या.

माप घेताना

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. कामाला घालणार तेच जाड मोजे सोबत न्या. दोन्ही पायांत घालून नाड्या पूर्ण बांधा आणि मग जे बहुतेक जण करत नाहीत ते करा: उकिडवं बसा, जसं चाकाशी बसतो तसं. टाचा उचला, वजन पुढच्या चवड्यांवर घ्या, मिनिटभर तसंच राहा. टो-कॅपची मागची कड बोटांच्या वर टोचत असेल, तर ती कायम टोचणार. चामडं वापराने सैलावतं, टोपी कधीच सैलावत नाही. नंतर एका गुडघ्यावर बसा, पायऱ्या उतरा. उतरताना बोटं पुढे आदळत असतील तर एक माप वर जा. टाच किंचित उचलली गेली तर चालेल, सोल रुळला की ते कमी होतं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो: हे बूट घालून गाडी चालवू नका. जाड सोलमधून पेडलचा अंदाज येत नाही आणि रुंद पंजा एकाच वेळी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पडू शकतो. म्हणूनच ते डिकीत, पिशवीत. उतरल्यावर बदलायला दोन मिनिटं लागतात.

निगा आणि निवृत्ती

तेल सांडलं तर त्याच दिवशी सौम्य साबणाच्या फडक्याने पुसा. बॅटरीचं अ‍ॅसिड उडालं तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ताबडतोब लावा आणि धुवा, नाहीतर चामडं आणि शिवण दोन्ही जळतात. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. हीटरसमोर ठेवले तर चामडं कडक होऊन चिरतं. टाक्यांत अडकलेली माती ब्रशने काढा, ती वाळूच्या कागदासारखी दोरा कापत राहते. मधूनमधून चामड्याला कंडिशनर लावा.

सोल पुढून उघडला तर बुटालाही तात्पुरता इलाज आहे. दोन्ही पृष्ठभाग साफ करून पॉलिश पेपरने खरवडा, दोन्हीकडे रबर सोल्युशन किंवा कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग घट्ट दाबा आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून दिवसभर ठेवा. तो पुन्हा सुटला तर तुम्ही अडखळाल, एवढंच. सोल बदलून मिळेपर्यंत चालून जातं.

टो-कॅपवर एकदा जोराचा मार बसला की मात्र तो बूट कामातून बाद. वरून चामडं ठीक दिसलं तरी आतली टोपी दबलेली किंवा तडकलेली असू शकते, आणि पुढच्या वेळी ती २०० जूल सोसेल याची खात्री राहत नाही. खिळा घुसलेल्या सोलचंही तेच. असे बूट दुसऱ्या कुणाला कामासाठी देऊ नका. नाड्या आणि चांगले असतील तर आतले इनसोल काढून घ्या, ते पुढच्या जोडीला उपयोगी पडतात.